वाळवीचा रकाना

"'मी वाचत नाही, मी फक्त खाते,'" मुलीनं पुस्तकातलं वाक्य मोठ्यांदा वाचलं, त्यावर बोट तसंच ठेवलं आणि मान वर करून विचारलं, "काका, ही वाळवी म्हणजे कोण असेल?"

कात्रीमास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. वर्तमानपत्राच्या तळघरातल्या कात्रणविभागात ते सदतीस वर्षं बसत होते आणि या खोलीत त्यांना आजवर हजार प्रश्न विचारले गेले होते: अमुक पुलाचं उद्घाटन कधी झालं, तमुक मंत्र्याला मुलं किती, मागच्या खेपेला साखर कधी महागली. रोजचा अंक वाचायचा, कामाच्या बातम्या कापायच्या, जाड कागदावर खळीनं चिकटवायच्या, वर तारीख आणि विषय टाकायचा आणि विषयवार फायलीत लावून ठेवायचं, हे त्यांचं काम. वरच्या मजल्यावरच्या शहाण्यांना काही आठवेनासं झालं की ते जिना उतरून खाली येत आणि मास्तर बसल्या जागेवरून सांगत, तिसरं कपाट, खालून दुसरी फाईल. या प्रश्नाचं उत्तर मात्र कुठल्याच कपाटात नव्हतं. ते वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. शब्द थोडे फिरवले होते, एवढंच. सदतीस वर्षांपूर्वी याच टेबलाशी, चहाचा कप दोन्ही हातांत धरून ते एका माणसाला म्हणाले होते, "मी काही वाचलं नाही रे, मी फक्त काढलं." त्या माणसाचं नाव आता या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होतं.

मुलगी अकरावीतली. बाईंची चिठ्ठी घेऊन आली होती. वर्गाला हे पातळसं पुस्तक नेमलं होतं: एक तळं, तळ्यात रोज डुंबून पाणी गढूळ करणारा हत्ती, त्या पाण्यानं मरणारी बेडकांची पिल्लं, मेलेल्यांची नावं कमळाच्या पानांवर लिहिणारे बेडूक, ती पानं ताब्यात घेणारा बगळा आणि बगळ्याच्या सांगण्यावरून ती खाऊन टाकणारी वाळवी. बाजारातल्या गाइडात लिहिलं होतं की ही कथा सार्वकालिक मानवी स्वभावावर असून तिचा कोणत्याही काळाशी अथवा व्यक्तीशी संबंध नाही. बाईंनी गाइडं मिटायला लावली होती. पुस्तक लिहिलं गेलं त्या वर्षी या शहरात काय घडलं ते शोधा, कोणता प्राणी कोण ते सांगा, आणि सांगाल त्याला पुरावा द्या. छापील पुरावा, नाही तर जो त्या वेळी हजर होता त्याची सही असलेली साक्ष. मुलीनं मोठ्या पुठ्ठ्यावर पट्टीनं तीन रकाने आखले होते: प्राणी, म्हणजे कोण, पुरावा. पहिला रकाना भरला होता. दुसऱ्यात पेन्सिलीनं पुसट अंदाज होते. तिसरा कोरा.

"शुक्रवारपर्यंतच वेळ आहे," ती म्हणाली. "मुख्याध्यापक बाईंना म्हणालेत, शुक्रवारी पुरावा दिसला नाही तर सगळ्या वर्गानं गाइडातलं उत्तर लिहायचं. उगाच शहराची बदनामी नको म्हणतात. मोठं ग्रंथालय पाहिलं मी. तिथल्या अंकांत काहीच नाही. नव्या पाणी योजनेचं उद्घाटन, हार, फोटो, नुसतं तेच."

"मग तेच असेल," मास्तर म्हणाले.

"पण बेडूक मेले ना, काका."

"गोष्टीत मेले. गोष्टीत काय, कोणीही मरतं. इथं काही नाही. गाइडात आहे ते लिही आणि पास हो."

हे त्यांनी इतक्या तिरसटपणे सांगितलं की मुलगी एक पाऊल मागं सरकली. मग तिनं पुठ्ठ्याची गुंडाळी केली. "पुस्तक ठेवून जाते," ती दारातून म्हणाली. "उद्या न्यायला येईन. तुम्ही वाचलं नसेल तर."

वाचलं नव्हतंच. लहान मुलांचं पुस्तक म्हणून त्या वेळी कोणीच वाचलं नव्हतं. पाचशे प्रती निघाल्या आणि त्याही रद्दीत गेल्या असं म्हणत. लेखक मेला तेव्हा तो मोठा होता असं लोकांच्या लक्षात आलं, हा तर जगाचा नियमच. मास्तरांनी पुस्तक पुढ्यात ओढलं आणि सबंध दुपार, मध्ये डबासुद्धा न उघडता, ते वाचून काढलं, आणि जसजशी पानं उलटत गेली तसतशी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जात राहिली. हत्ती म्हणजे त्या वेळचे नगरप्रमुख, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ठीक. त्यांना हत्ती केलं, म्हणजे काही कमी मान दिला नाही; हत्ती चिखलात लोळला तरी हत्तीच. बगळा म्हणजे संपादकसाहेब. पांढराशुभ्र, एका पायावर उभा, डोळे मिटून. तोही दिसायला देखणा. आणि वाळवी! सगळ्या सृष्टीत मास्तरांसाठी याला दुसरं काही सापडलं नाही. घुबड चाललं असतं, उंदीर चालला असता, फार तर गाढव म्हणायचं होतं, गाढव निदान राबतं. वाळवी म्हणजे जिला एकटीला कोणी मोजतसुद्धा नाही, जिच्यावर औषध मारतात. खोलीत वाळवी होऊ नये म्हणून सदतीस वर्षं दर तीन महिन्यांनी कपाटांच्या मागं फवारणी कोण करून घेत आलं? मी. आणि मीच वाळवी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, असं मास्तर त्या रिकाम्या खोलीत चक्क मोठ्यानं म्हणाले.

लेखक तेव्हा याच कचेरीत मुद्रितशोधक होता. प्रत्येक मजकुरात आधी स्वल्पविराम मोजायचा म्हणून सगळे त्याला स्वल्पविरामच म्हणत. तो आणि मास्तर एकाच वर्षी लागलेले, एकाच वयाचे, दुपारचा चहा एकत्र घेणारे. स्वल्पविराम बोलताना मध्येच थांबायचा आणि समोरच्याला वाटायचं की याला आपलं ऐकायचंय. मग समोरचा बोलून जायचा. मास्तरही तसेच बोलून गेले होते. त्यांना वाटलं होतं हे मैत्रीत आहे, पोटात राहील. पोटात राहिलं नाही, पानात उतरलं. आपला माणूस म्हणून ज्याच्यापुढं रडावं त्यानं त्या रडण्याची गोष्ट करून टाकावी, आणि ती आज पोरांना परीक्षेला लावावी! पुढं वाचताना त्यांना टिटवी भेटली. तळ्यावरून रात्रभर ओरडत फिरणारी, सगळ्यांना सावध करणारी टिटवी. हा कोण ते सांगायला नको. स्वतः टिटवी, मित्र वाळवी. कधी ओरडलास रे तू, मास्तरांनी पुस्तकाला विचारलं. तूच तर ती बातमी तपासली होतीस, तिच्यातले स्वल्पविराम जागच्या जागी बसवले होतेस, आणि दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला तेव्हा तूही मूग गिळूनच बसला होतास. मग महिन्याभरानं राजीनामा दिलास आणि गाव सोडलंस. त्याला ओरडणं म्हणतात?

त्या वेळचं सगळं त्यांना आठवायचं नव्हतं आणि ते येत होतं. बाहेरगावची आवृत्ती दिवेलागणीला छापून व्हायची आणि मोटारींनी जायची. शहरची त्यानंतर निघायची. बाहेरगावच्या आवृत्तीच्या दोन प्रती रोज खाली तळघरात येत. त्या संध्याकाळी तिसऱ्या पानावर मोठी बातमी होती: खालच्या वस्तीच्या नळात गटाराचं पाणी मिसळलंय, जुलाब-वांत्यांनी माणसं दगावताहेत, इस्पितळात खाटा पुरेनात. मास्तर कामात नवे, उत्साही. दुसऱ्या दिवसावर काही ठेवायचं नाही म्हणून त्यांनी ती तेव्हाच कापली, चिकटवली, 'पाणीपुरवठा' म्हणून लावली आणि मगच घरी गेले. तेवढ्या वेळात वर काय झालं कोण जाणे. शहरच्या आवृत्तीत त्या जागी साबणाची मोठी जाहिरात आली. बाहेरगावचे गठ्ठे स्थानकावरूनच परत आणले. नव्या पाणी योजनेचं उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं आणि योजनेच्याच, आधीच सुरू केलेल्या नळातून मरण येतंय हे छापणं कुणाला परवडणार नव्हतं. सकाळी दहाला संपादकसाहेब स्वतः जिना उतरून आले. ते खाली कधी येत नसत. दारात उभं राहून, एका बुटाच्या टाचेनं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत, मास्तरांकडे न बघता म्हणाले, "ते पाण्याचं काय असेल ते काढून टाका. मागचं-पुढचं सगळंच. चुकीची बातमी होती." आणि गेले. एका पायावर उभे होते ते मास्तरांनीच स्वल्पविरामाला सांगितलं होतं, नक्कल करून. म्हणजे बगळासुद्धा मास्तरांनीच दिला होता त्याला. सगळं फुकट दिलं आणि बदल्यात हे. आता संपादकसाहेबांच्या नावानं वर सभागृह आहे, त्यांच्या तसबिरीवर खास दिवा आहे, दर वर्षी निर्भीड पत्रकारितेवर व्याख्यान असतं, आणि ते व्याख्यान कापून 'व्याख्याने' या फायलीत कोण लावतो? वाळवी.

आणि मग ते वाक्य आलं: 'वाळवीनं सगळी पानं खाल्ली, एकही उरलं नाही.' मास्तर थांबले. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, आणि आतापर्यंतच्या रागाहून वेगळा, जास्त जुना राग त्यांना आला. उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्याला कात्रीचं काम माहीत नाही त्यानं त्यावर लिहू नये. दोन प्रती का घेतात? पानाला दोन बाजू असतात म्हणून. तिसऱ्या पानावरचं कापलं की चौथ्या पानावरचं फाटतं. म्हणून एक प्रत विषम पानांसाठी, दुसरी सम पानांसाठी. पाण्याची बातमी पहिल्या प्रतीतून कापली, हुकुमानं काढली, आवारातल्या पिंपात जाळली, बरोबर. पण चौथ्या पानावर त्या दिवशी बुद्धिबळाचं सदर होतं. मालकांच्या भावाला बुद्धिबळाचा नाद, म्हणून ते सदर न चुकता लावायचं असा दंडक होता, आणि ते दुसऱ्या प्रतीतून कापलं होतं. 'बुद्धिबळ' काढून टाका असं कोणी म्हणालं नव्हतं. बगळ्यालाही सुचलं नव्हतं आणि टिटवीलाही. खोटं पाडायचं एवढ्याच हट्टानं मास्तर उठले, शिडी लावली, सातव्या कपाटाच्या वरच्या खणातली फाईल काढली, तारखा चाळल्या, आणि तो जाड कागद टेबलावर आणून ठेवला. पांढऱ्याचा वजीर अडचणीत होता, तीन चालींत मात करायची होती.

ओलं फडकं पिळून त्यांनी कात्रणावर अंथरलं आणि वाट पाहिली. खळ जुनी असली की घाई करायची नाही. कोपऱ्यातून नख घालून, हवा देत देत, कागद आपण होऊन सुटेपर्यंत थांबायचं. असं काम त्यांच्याइतकं सफाईनं कोणाला येत नव्हतं आणि ते करताना त्यांना बरं वाटत होतं, हेही खरं. कात्रण सुटलं. त्यांनी ते उलटं करून टीपकागदावर ठेवलं. बातमीचा मथळा गेला होता, डावीकडचा भाग गेला होता. मृतांची यादी होती. बुद्धिबळाच्या पटाच्या कडेनं कात्री फिरली तिथं नावं कापली गेली होती आणि उरले होते पत्ते आणि वयं. खालची वस्ती, गल्ली तिसरी, वय ४. गल्ली तिसरी, वय ३१. गल्ली पाचवी, वय ६०. गल्ली पाचवी, वय १. असे सतरा. खाली, चौकटीत, एक अक्षरही न तुटलेलं इस्पितळाच्या डॉक्टरांचं आवाहन होतं: पाणी उकळल्याशिवाय कोणीही पिऊ नये, ही सूचना घरोघर पोचवावी.

मास्तरांनी ती चौकट पुन्हा वाचली. पाणी उकळल्याशिवाय. त्या संध्याकाळी घरी जाऊन चपला काढायच्या आधी त्यांनी आईला सांगितलं होतं, आजपासून पाणी उकळून प्यायचं. आईनं का म्हणून विचारलं आणि त्यांनी सांगितलं होतं, सांगतो ते कर, बाहेर बोलू नकोस. नाही, 'बाहेर बोलू नकोस' हे दुसऱ्या दिवशी, साहेब येऊन गेल्यावर. पंधरा दिवस घरात सगळे उकळलेलं पाणी प्याले आणि कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. मी काही वाचलं नाही रे! वाचल्याशिवाय कात्री लावता येते का? विषय कसा टाकणार? पाचव्या इयत्तेतल्या पोराला कळेल की कात्रणं लावणारा माणूस त्या इमारतीतला सगळ्यात जास्त वाचणारा माणूस असतो. स्वल्पविरामाला हे कळलं नसेल? की कळूनही त्यानं वाळवीच्या तोंडी तेच ठेवलं, मित्राचा शब्द म्हणून, खोटा न पाडता? सबंध दुपार ज्याला शिव्या घातल्या त्यानं आपल्यावर दयाच केली होती, आणि ती दया मास्तरांना वाळवीपेक्षा जास्त झोंबली. वाळवीला दोष नसतो. तिला वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली तेव्हा ते कात्रण दोन काचांच्या मध्ये ठेवलेलं होतं. तिनं वाकून ते वाचलं. बोटानं सतरा ओळी मोजल्या, परत मोजल्या. "वय एक म्हणजे एक वर्ष ना, काका?"

"हो."

"काल तुम्ही म्हणालात इथं काही नाही."

"खोटं बोललो," मास्तर म्हणाले. "आता खाली बस. ती टिटवी म्हणजे पुस्तक लिहिणारा स्वतः. स्वतःला बरं शूर करून घेतलंय त्यानं, लिहून घे."

"शूर कुठं? ती ओरडते आणि उडून जाते. शेवटपर्यंत परत येत नाही. बाई म्हणतात लेखकानं सगळ्यांत वाईट तिलाच रंगवलंय." तिनं पुठ्ठा उलगडला, चारी कोपऱ्यांवर मास्तरांच्या कात्र्या आणि खळीचा डबा ठेवला. मास्तरांनी सरकलेली एक कात्री नीट केली. इतका राग त्यांनी एका दिवसात वाया घालवल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मुलीनं बेडकांपुढं कात्रणाची तारीख लिहिली, हत्तीपुढं उद्घाटनाची. बगळ्यापुढं मास्तर सांगत गेले तसं लिहिलं. मग वाळवीच्या ओळीवर येऊन ती थांबली. "हे राहिलं. हे रिकामं राहिलं तर मुख्याध्यापक म्हणतील, बघा, सगळा अंदाजपंचे कारभार आहे."

"रिकामं नाही राहणार. हजर असलेल्याची सही चालते म्हणालीस ना?"

त्यांनी कागद घेतला आणि लिहायला बसले. सदतीस वर्षांत त्यांनी या खोलीत तारखा आणि विषय सोडून काही लिहिलं नव्हतं. सरकारी अर्जासारखी सुरुवात झाली, ती त्यांनी खोडली. मग लिहिलं: 'वाळवी मी. ती बातमी मी कापली आणि नंतर हुकुमावरून जाळली. गोष्टीत एक चूक आहे. वाळवीने वाचले होते. कापण्याआधी वाचावेच लागते. त्या दिवसापासून आमच्या घरी पंधरा दिवस पाणी उकळून प्यायले गेले. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.' खाली पूर्ण नाव घालून सही केली. बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. निदान एवढं तरी कोणी केलं, वरच्या तसबिरीनं केलं का, त्या हत्तीनं केलं का, असा एक जाब त्यांच्या मनात तयारच होता आणि त्यांना तो कोणाला तरी विचारायचा होता.

मुलीनं कागद वाचला, नीट घडी घातली, पुन्हा उघडला. "पंधरा दिवस," ती म्हणाली. "केवढं काम. आमच्याकडे दोन दिवस उकळायचं म्हटलं तरी आई वैतागते. कोण उकळायचं, तुमची आई?"

"त्याचा काय संबंध इथं?" मास्तर खेकसले.

"काही नाही. सहज विचारलं."

सहजच विचारलं होतं तिनं. आई कसली उकळते. आईचे गुडघे तेव्हापासूनच दुखायचे. सकाळी भांडी घासायला यायची ती मोठं पातेलं चुलीवर चढवायची, उतरवायची, गाळून माठ भरायची. खालच्या वस्तीतून चालत यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं हसत विचारलं होतं, एवढं पाणी उकळता, घरात बाळंतीण आहे का कोण? आईनं मास्तरांकडे पाहिलं होतं. आणि मास्तर तोंडात ब्रश घालून उभे होते, त्यांनी मान हलवली होती, नाही म्हणून. काम झालं की ती आवारातल्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायची आणि घरी जायची. नवव्या दिवशी ती आली नाही, दहाव्याही नाही. आई म्हणाली, खाडा करायचा तर कळवायची रीत नाही या लोकांत. मग दुसरी बाई लावली. कात्रणातल्या सतरा जणांत ती असण्याचा प्रश्नच नव्हता. ती यादी छापली गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं पातेलं चढवलं होतं.

"एक बाई होती कामाला," मास्तर म्हणाले. "खालच्या वस्तीतली. ती उकळायची." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तिला आम्ही सांगितलं नाही का ते. पुढं ती आली नाही. आम्ही चौकशी केली नाही."

मुलीनं साक्षीचा कागद पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला, खाली बरीच जागा होती तिथं बोट ठेवलं, मग काय वाटलं कोणास ठाऊक, तो परत आपल्याकडे ओढला आणि स्वतःच पेन उघडलं.

"त्यांचं नाव काय होतं, काका?"

मास्तर आठवत राहिले. त्यांना तिच्या हातातल्या पातेल्याची वाफ आठवली, तिचं हसणं आठवलं, आईची हाक आठवली. ती हाक त्यांनी मनात दोनदा ऐकून पाहिली.

"आम्ही तिला 'अगं' म्हणत होतो," ते म्हणाले.

मुलीनं तेवढंच लिहून घेतलं.